सायकलीला कागद नाहीत, म्हणून भरपाई नाही?

पत्र

आमचं गाव अहमदपूर तालुक्यात. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय ५२. पहाटे गावातून दूध गोळा करायचं, सायकलीला किटल्या लावायच्या आणि तालुक्याला जाऊन रतीब घालायचा, हे त्यांचं वीस वर्षांचं काम. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वासातला नांदेड रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीला ओलांडून एक पुणे पासिंगची कार समोरून थेट अण्णांवर आली. उजवी मांडी आणि उजवं मनगट मोडलं. मांडीत रॉड आहे. गाडीवाल्यानंच दवाखान्यात नेलं, २० हजार दिले आणि दुसऱ्या दिवशी स्टॅम्पपेपरवर ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून अण्णांचा अंगठा घेतला. अण्णा सही करतात, पण हात प्लास्टरमध्ये होता. त्या कागदाचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. खर्च १ लाख ८० हजारांवर गेला. पोलिसांनी नुसती डायरीत नोंद घेतली. विमा कंपनीचा म्हणून एक माणूस घरी आला आणि सायकलीला लाइट नव्हता, तुम्हीच चुकीच्या बाजूनं आलात, असं म्हणाला. गावात सगळे म्हणतात, ‘सायकलीला ना नंबर, ना विमा, तुम्हाला कसली भरपाई?’ एक जण ३५ टक्क्यांवर केस लढवून देतो म्हणतो. चार महिने होऊन गेले. आता काही होईल का? आणि अण्णा रोज विचारतात, सायकल दुरुस्त करून आणू का?

— एक लेक

उत्तर

ताई,

बाकी सगळ्याच्या आधी गावकऱ्यांच्या त्या वाक्याचं बघू. ते वाक्य ऐकून आपल्याकडं कितीतरी घरांनी दावाच केलेला नाही, आणि मला त्याचा फार त्रास होतो.

सायकल कायद्यानं मोटार वाहन नाही. म्हणून तिला नंबर लागत नाही, विमा लागत नाही, चालवणाऱ्याला लायसन लागत नाही. अण्णांकडं जे कागद नव्हते, ते असायची गरजच नव्हती. विमा लागतो तो कारला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नं तो सक्तीचा केला आहे आणि त्याला थर्ड पार्टी विमा म्हणतात. करार गाडीमालक आणि विमा कंपनी या दोघांमधला. त्या दोघांच्या बाहेरचा, रस्त्यावरचा जो तिसरा माणूस, त्याला इजा झाली तर पैसे मिळावेत म्हणून हा विमा. पायी जाणारा, बैलगाडीवाला, सायकलवाला हे सगळे त्यात येतात. तुमच्या घरातला तो तिसरा माणूस म्हणजे अण्णा. गाडीवाल्यानं हप्ता भरला तो अण्णांसारख्यांसाठीच. तेव्हा ‘कसली भरपाई’ असं कुणी विचारलं, तर हे सांगा.

आता तारीख. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. अपघात डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातला, म्हणजे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सहा महिने पुरे होतात. भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात गेला पाहिजे. ही मुदत २०१९ च्या दुरुस्तीनं आली आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. गावातली जाणती माणसं ‘दावा कधीही टाकता येतो’ म्हणतात, ते खोटं बोलत नाहीत. १९९४ ते २०२२ या काळात खरंच अशी मुदत नव्हती. ती मंडळी त्या काळातलं सांगतात. या नव्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. आणि मे महिन्यात न्यायालयांना उन्हाळी सुट्टी लागते. वकील गावाला जातात, कारकून रजेवर जातात, नकला मिळत नाहीत. म्हणून तुमच्यासाठी खरी मुदत जून नाही, एप्रिलअखेर धरा.

गाडी पुण्याची म्हणून पुण्याला जावं लागेल, अशी भीती तुम्ही पत्रात लिहिली नाही, पण कुणीतरी ती घालेलच. जावं लागत नाही. जिथं अपघात झाला तिथं, किंवा तुम्ही जिथं राहता तिथं दावा टाकता येतो. हे न्यायाधिकरण जिल्हा न्यायालयातच असतं, म्हणजे लातूर आहेच. तालुक्याच्या न्यायालयात अतिरिक्त जिल्हा न्यायाधीश बसत असतील तर तिथंही चौकशी करा, अण्णांच्या पायाला तेवढाच आराम.

पोलिसांकडं याच आठवड्यात जा. तोंडी बोलू नका, लेखी अर्ज द्या. दिवस, वेळ, ठिकाण, गाडीचा नंबर, ट्रॉली ओलांडताना गाडी उलट्या बाजूला आली हे, अण्णांच्या जखमा, दवाखान्याचं नाव आणि ‘डायरीत नोंद घेऊनही गुन्हा दाखल केलेला नाही’ हे वाक्य, एवढं लिहा. दोन प्रती न्या आणि एकीवर पोचेचा शिक्का घ्या. मांडी मोडणं ही कायद्यानं गंभीर दुखापत आहे. निष्काळजीपणे गाडी हाकणं आणि त्यातून गंभीर दुखापत करणं, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ खालचे गुन्हे आहेत. ठाण्यानं अर्ज घेतला नाही तर तोच अर्ज जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठवा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) चा उल्लेख करून. तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं जाता येतं. गुन्हा नोंदला की एफआयआरची प्रत तुम्हाला फुकट मिळाली पाहिजे.

चार महिने उशीर झाला म्हणून घाबरू नका. एफआयआरला उशीर झाला एवढ्या कारणानं अपघाताचा दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये रवी विरुद्ध बद्रीनारायण या प्रकरणात सांगितलं आहे. घरचं माणूस ऑपरेशन टेबलावर असताना लोक आधी ठाण्यात धावत नाहीत, हे न्यायालयालाही कळतं. शिवाय तुमच्याकडं उशिराचं कारण कागदावर आहे: दवाखान्याच्या तारखा आणि तो स्टॅम्पपेपर. गुन्हा दाखल झाला की पोलिसांवर आणखी एक काम येतं. अपघाताचा सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडं पाठवायचा असतो, आणि तुमचे हक्क काय आहेत ते सांगणारा फॉर्म तुम्हाला द्यायचा असतो. तो मागून घ्या. पण त्या अहवालाची वाट पाहत सहा महिने घालवू नका, स्वतःचा अर्ज वेगळा टाका.

आता समोरासमोरच्या धडकेचं सांगते. इथं तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा पक्की आहे.

मागून ठोकलं तर चूक कुणाची हे बहुतेक वेळा उघड असतं. समोरून धडक झाली की दोघंही म्हणतात, ‘मी माझ्या बाजूनं होतो, तोच माझ्यावर आला.’ मग प्रश्न एकच उरतो: धडक रस्त्याच्या कुठल्या भागात झाली? पंचनाम्यात काचा कुठं पडल्या, घासल्याच्या खुणा कुठं, दूध कुठं सांडलं, सायकल कुठल्या कडेला सापडली हे लिहिलं जातं ते यासाठी. तुमचा पंचनामा वेळेवर झाला नाही. पण दोन साक्षीदार अजून शिल्लक आहेत: गाडीचा पत्रा आणि अण्णांचं हाड.

कागदावर रस्ता काढून बघा. अण्णा आपल्या डाव्या कडेनं चालले आहेत. समोरून येणारी कार ट्रॉली ओलांडायला तिच्या उजवीकडं, म्हणजे अण्णांच्या भागात घुसली. अशा वेळी कारचा कुठला कोपरा लागेल? ड्रायव्हरच्या बाजूचा, उजवा. आणि अण्णांची कुठली बाजू? उजवी. आता उलट धरा. अण्णा चुकीच्या कडेनं येत असते आणि कार आपल्या जागी असती, तर कारचा डावा कोपरा लागला असता आणि अण्णांचं डावं अंग. अण्णांची उजवी मांडी मोडली आहे, उजवं मनगट मोडलं आहे. एवढ्यावर खटला जिंकला असं मी म्हणणार नाही, धडकेत माणूस फिरतो, उडतो. पण ‘चुकीच्या बाजूनं आलात’ म्हणणाऱ्या त्या माणसाला या एक्स-रेचं उत्तर द्यावं लागेल. वकिलांना हे चित्र काढून दाखवा. गाडीच्या कुठल्या बाजूला मार बसला हे कळायचे रस्तेही आहेत. गुन्हा नोंदल्यावर पोलीस गाडी आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाकडून तपासून घेतात. दरम्यान मालकानं गाडी दुरुस्त केली असेल आणि त्यासाठी स्वतःच्या विम्यातून पैसे घेतले असतील, तर विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं फोटो काढलेले असतात. ते फोटो न्यायाधिकरणामार्फत मागवता येतात. हा अर्ज बरेच वकील करत नाहीत. तुमच्या वकिलांना करायला लावा.

ट्रॉलीचा ड्रायव्हर हा तुमचा सगळ्यात चांगला साक्षीदार. त्यानं गाडी शेजारून जाताना पाहिली. हंगाम संपला की तो आपल्या गावी जाईल, मग त्याला कुठं शोधणार? कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक खेपेची पावती होते, वाहनाचा नंबर आणि वेळ असते. त्या सकाळी त्या रस्त्यानं कुठल्या कारखान्याची वाहतूक चालू होती हे गावात कुणालाही विचारा. ट्रॅक्टर सापडला की ड्रायव्हर सापडतो. अण्णांना उचलून गाडीत घालणारे, बाजूच्या शेतात काम करणारे, सगळ्यांची नावं आजच वहीत लिहून ठेवा. पेट्रोल पंपाचं, ढाब्याचं कॅमेऱ्याचं चित्रीकरण चार महिन्यांनी राहिलेलं नसणार, तरी एकदा विचारा. कुणी त्या वेळी मोबाइलवर काही टिपलं असेल तर ते पुसू देऊ नका. न्यायालयात ते देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून घेतील.

लाइटचं म्हणाल तर, अपघात सव्वासातचा. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लातूरकडं सूर्य सातच्या आत उगवलेला असतो. पंचांग काढा, त्या दिवसाची सूर्योदयाची वेळ बघा आणि ते पान वकिलांना द्या. उजेडात लाइट नव्हता म्हणून अपघात झाला, हे म्हणणं टिकणार नाही. आणि समजा न्यायालयाला अण्णांचीही थोडी चूक वाटलीच, तरी दावा पडत नाही. तेवढ्या टक्क्यांनी रक्कम कमी होते. ती चूक सिद्ध करण्याचं ओझंही चूक म्हणणाऱ्यावर असतं. पुन्हा कुणी विम्याचा माणूस घरी आला तर त्याला चहा द्या, पण जबाब देऊ नका, सही देऊ नका, अंगठा तर मुळीच नाही. ‘आमचे वकील बोलतील’ एवढं पुरे.

आता तो स्टॅम्पपेपर, ज्यानं तुमची झोप उडवली आहे. तो फोटो जपून ठेवा, दोन ठिकाणी ठेवा. कायदेशीर हक्कासाठी न्यायालयात जाणंच बंद करणारा करार भारतीय करार कायद्याच्या कलम २८ नं रद्द ठरतो. त्यात अण्णांची संमती मोकळी नव्हती. मांडी मोडून एक दिवस झालेला, वेदनाशामक चालू, आणि सही करता येणाऱ्या माणसाचा अंगठा. दवाखान्याच्या केसपेपरवर त्या दिवशी कुठली औषधं दिली ते लिहिलेलं असतं, त्याची प्रत काढा. पण ताई, त्या कागदाची दुसरी बाजू बघा. त्यात गाडीचा नंबर आहे ना? गाडीवाल्याचं नाव आहे ना? अपघाताची तारीख आहे ना? मग उद्या ‘ती गाडी आमची नव्हतीच’ असं म्हणायची सोय त्यानं स्वतःच्या हातानं घालवली आहे. स्वतःला वाचवायला त्यानं केलेला कागद तुमच्या दाव्यातला पहिला पुरावा होऊ शकतो. २० हजार घेतले हे मात्र लपवू नका. अर्जात स्वतःहून लिहा. फार तर तेवढे वजा होतील. लपवलं आणि उघडं पडलं, तर अण्णांच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरही संशय येईल.

गाडीचा विमा त्या दिवशी चालू होता का, हे परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा त्यांच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघता येतं. विमा नसेल तर मालक स्वतः जबाबदार. ड्रायव्हरकडं लायसन नसलं तरी बऱ्याच प्रकरणांत न्यायालय विमा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतं आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतं.

मिळेल किती, हे तुम्ही विचारलं नाही. संकोच वाटला असेल. पण हे माहीत नसलं की माणूस पहिल्या आकड्यालाच हो म्हणतो, म्हणून सांगते.

जखमीच्या दाव्यात दवाखान्याचा खर्च हा फक्त एक भाग असतो. पडून राहिलेल्या महिन्यांचं बुडालेलं उत्पन्न, सेवेला राहिलेल्या माणसाचा वेळ, खुराक, जाण्यायेण्याचं भाडं, पुढं रॉड काढायचा खर्च, सोसलेल्या वेदना, हे सगळं त्यात येतं. आणि सगळ्यात मोठा भाग म्हणजे पुढच्या कमाईचं नुकसान. त्याचं गणित सर्वोच्च न्यायालयानं घालून दिलं आहे. २००९ च्या सरला वर्मा निकालात वयाप्रमाणे गुणक दिले आहेत. ५१ ते ५५ वयाला तो ११ आहे. स्वतःचा धंदा करणाऱ्या ५० ते ६० वयाच्या माणसाच्या उत्पन्नात पुढच्या वाढीसाठी १० टक्के मिळवायचे, हे २०१७ च्या प्रणय सेठी निकालातलं. समजा अण्णांचं रतिबाचं उत्पन्न महिना १२ हजार ठरलं. वर्षाचे १ लाख ४४ हजार, १० टक्के मिळवून १ लाख ५८ हजार ४००. त्याला ११ नं गुणलं की १७ लाख ४२ हजार ४००. कमावण्याची ताकद ३० टक्के गेली असं ठरलं तर त्यातले ५ लाख २२ हजार ७२०. दवाखाना, बुडालेले महिने आणि बाकीचं याच्या वर. ही फक्त समजूत यावी म्हणून केलेली मांडणी आहे. तुमचे आकडे तुमच्या कागदांवरून ठरतील.

त्यातला ‘३० टक्के’ हा आकडा कसा ठरतो, यावर तुमचा सगळा दावा उभा आहे. डॉक्टर पायाचं अपंगत्व किती टक्के ते लिहितात. पण कमाईचं नुकसान वेगळं असतं. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे फार नीट सांगितलं आहे: हात गेलेला ड्रायव्हर किंवा सुतार आणि हात गेलेला सरकारी कारकून, दोघांचं अपंगत्व कागदावर सारखं असलं तरी कमाईचं नुकसान सारखं नसतं. अण्णांचं पोट पायडलवर चालतं. गुडघा पुरता वाकत नसेल, भरल्या किटल्या लावलेली सायकल तोलता येत नसेल, तर दुकानात बसून काम करणाऱ्या माणसापेक्षा त्यांचं नुकसान जास्त आहे. हे अर्जात लिहिलं पाहिजे आणि अण्णांनी जबाबात स्वतःच्या शब्दांत सांगितलं पाहिजे: पूर्वी किती लिटर नेत होतो, किती घरं होती, आता काय जमत नाही. अपंगत्वाचा दाखला जिल्हा रुग्णालय किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मंडळाकडून घ्या, पण हाड जुळून उपचार संपत आल्यावर. दावा टाकायला तो दाखला आधी लागत नाही, नंतर जोडता येतो. दाखल्यासाठी थांबून मुदत घालवलेली माणसं मी पाहिली आहेत.

उत्पन्नाचा पुरावा कुठून आणायचा, हा तुमच्यासारख्या घरातला नेहमीचा प्रश्न. पगारपत्रक नाही, आयकर नाही. पण रतिबाचा धंदा वाटतो तेवढा बिनकागदी नसतो. अण्णांची रतिबाची वही असेल. ज्या घरी दूध जायचं तिथल्या बायका भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचं लिटर लिहितात, खाडा झाला तर फुली मारतात. डिसेंबरच्या त्या पानावर एका तारखेपासून सगळ्या फुल्याच असतील. जुनी कॅलेंडरं रद्दीत जायच्या आत त्या घरी जा, पानांचे फोटो घ्या, दोघीतिघींना साक्षीला या म्हणून विनंती करा. हॉटेलवाल्याला दूध जात असेल तर त्याची वही, मोबाइलवरून पैसे येत असतील तर बँकेचा उतारा. हे काहीच जमलं नाही तरी न्यायालय किमान वेतन वगैरे पाहून अंदाज बांधतं, पण तो अंदाज बऱ्याचदा कमीच असतो. दवाखान्याच्या कच्च्या पावत्या असतील तर पक्की बिलं मागा, मेडिकलच्या बिलांना डॉक्टरांची चिठ्ठी जोडून ठेवा. मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नका, झेरॉक्स द्या.

एक सापळा आहे, तो ओळखून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली, चूक कुणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. मृत्यू झाला तर ५ लाख. विमा कंपनीचा अधिकारी येऊन कदाचित हेच पुढं करेल. रक्कम लवकर मिळते, घरात तंगी असते, मोह होतो. पण ती स्वीकारली की कलम १६६ खालचा, म्हणजे आतापर्यंत मी सांगत आले तो न्यायाधिकरणातला तुमचा मोठा दावा संपतो. ज्याचं हाड नीट जुळलं आणि जो दोन महिन्यांत कामाला लागला, त्याला अडीच लाख बरे असतील. अण्णांचे १ लाख ८० हजार खर्च होऊन गेलेत आणि पाय अजून चालत नाही. माझं मत विचाराल तर तुम्ही १६६ चाच रस्ता धरा. लोकअदालतीचंही तसंच. तिथं वर्षं वाचतात, मी स्वतः अनेक दावे तिथं मिटवले आहेत. पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. अपंगत्वाचा दाखला हातात नसताना तिथं बसू नका.

३५ टक्केवाल्या माणसाला नाही म्हणा. तो वकील नसेल तर त्याचा या कामाशी संबंधच नाही. आणि वकील असेल तर भरपाईतला वाटा ठरवून केस घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. पाच लाखांतले पावणेदोन लाख देऊन अण्णांच्या हाती काय राहील? लातूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं ज्यांना मोफत वकील मिळतो त्यांत बाईमाणूस उत्पन्न कितीही असलं तरी येतं, अनुसूचित जाती-जमातीचे, अपंगत्व असलेले, कामगार येतात, आणि महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांच्या आत उत्पन्न असलेला कुणीही. अण्णा यात बसतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढून ठेवा. मोफत वकील म्हणजे कमी प्रतीचा, असं मानू नका. फक्त दर तारखेला त्यांना भेटा, काय झालं ते विचारा, वहीत लिहा. कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नका आणि भरपाई अण्णांच्याच बँक खात्यात येईल एवढं पाहा.

ज्यांच्या घरी गाडी ठोकून पळून गेली आणि नंबरही मिळाला नाही, अशांची पत्रंही माझ्याकडं येतात. त्यांना इथंच सांगते: वाहन सापडलं नाही तर सरकारी योजनेतून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात करायचा. आणि २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत रोकड न भरता उपचार मिळण्याची योजना लागू आहे. दाखल करतानाच तिचं नाव घ्या.

राहिला अण्णांचा प्रश्न. अण्णांना म्हणावं, सायकलीला अजून हात लावू नका. वकिलीच्या पहिल्या वर्षांत माझ्याकडं एका गवंड्याचा दावा होता. समोरून जीपनं उडवलेला. घरच्यांनी अपशकुनी म्हणून सायकल भंगारात दिली होती. पुढचं चाक कसं दबलं, हँडल कुठल्या बाजूला वाकलं, हे दाखवायला माझ्याकडं काहीच उरलं नव्हतं, आणि समोरच्या वकिलांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. ती सायकल मला अजून आठवते, जी मी कधी पाहिलीच नाही.

तुमची सायकल गोठ्यात असेल तर तशीच झाकून ठेवा. सगळ्या बाजूंनी फोटो काढा, हँडल, पुढचं चाक, पायडल, चेपलेल्या किटल्या. पोलिसांच्या अर्जात लिहा की सायकल आमच्याकडं जशीच्या तशी आहे, पंचनामा करावा. त्यांनी ती मुद्देमाल म्हणून नेली तर न्यायालयाकडून सुपुर्दनाम्यावर परत मागता येते. पंचनामा आणि फोटो झाले, वकिलांनी हो म्हटलं, की मग खुशाल दुकानात न्या. दुकानदाराकडून पक्कं बिल घ्या, त्यावर तारीख आणि काय काय बदललं ते लिहून घ्या, आणि किटल्यांचंही वेगळं घ्या. तो खर्चही दाव्यात मागायचा आहे.